रीड लाम : माथ्यावर दगड, पायथ्याशी माती

जर्मन भाषेत 'लाम' म्हणजे कोकरू. पण ऑस्ट्रियाच्या काम्पटाल भागातल्या 'रीड लाम' या द्राक्षमळ्याचा ('रीड' म्हणजे मळा) कोकराशी काही संबंध नाही. हे नाव 'लेम' या शब्दावरून आल्याचं तिथले लोक सांगतात, आणि लेम म्हणजे चिकट, भारी माती. मळ्याचं नावच मातीवरून पडलेलं असेल, तर त्याची वाइन समजून घ्यायलाही मातीपासूनच सुरुवात केलेली बरी.

एक टेकडी डोळ्यांसमोर आणा. उंची समुद्रसपाटीपासून साधारण ३६० मीटर, म्हणजे इंदूर जिथे वसलंय त्याहून जवळजवळ दोनशे मीटर खाली. तिचं नाव हायलिगनश्टाइन. वरचा दक्षिणेकडचा उतार वाळूच्या खडकाचा. हा खडक पर्मियन काळातल्या वाळवंटात तयार झाला, सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वी, आणि त्यात ज्वालामुखीच्या खडकाचे तुकडेही आहेत. माती म्हणावी असा थर वर फारसा नाहीच. या उतारावर रीसलिंग ही पांढऱ्या वाइनची द्राक्षजात लावतात. त्याच टेकडीच्या पायथ्याशी, कामर्न गावाच्या बाजूला, उतार सौम्य होतो आणि जमीन एकदम खोल, फिकट पिवळी, चुनखडीयुक्त होते. तिथे 'रीड लाम'. इथे ग्र्यूनर फेल्टलिनर, ही दुसरी पांढऱ्या वाइनची जात.

एकाच टेकडीवर दोन वेगळ्या वेली कशासाठी, हे मालव्यातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही. आपल्या काळीत पाणी मुरलं की हरभरा नुसत्या ओलीवर निघतो. बरड जमिनीवर आठवडाभर कडक ऊन पडलं की पीक माना टाकतं. ग्र्यूनर फेल्टलिनर ही पाणी मागणारी वेल आहे. तहानलेली राहिली तर तिचे मणी कडवट होतात, वाइन पातळ लागते आणि शेवटी जिभेवर एक कोरडा, तुरट ओरखडा राहतो. रीसलिंग उपाशीतापाशी निभावून नेतं. खडकाच्या फटींत मुळं घालून बसतं आणि खोल मातीत लावलं तर उलट सैलावतं. म्हणून माथ्यावर रीसलिंग आणि पायथ्याशी ग्र्यूनर. ही वाटणी कुठल्या कायद्याने केलेली नाही, पिढ्यान्‌पिढ्या लावून, बिघडवून, उपटून पुन्हा लावून ठरलेली आहे.

पायथ्याच्या त्या पिवळ्या मातीला 'लोस' म्हणतात. हिमयुगात वाऱ्याने उडवून आणलेली बारीक धूळ तिथे साचत गेली, तोच हा थर. आपल्या काळ्या मातीशी तिची तुलना पाणी धरण्यापुरतीच करावी. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाय आत जाईल एवढी फाटते. लोस फाटत नाही. उभी कापली तर भिंतीसारखी उभी राहते. त्यामुळे ऑस्ट्रियाच्या या पट्ट्यात टेकडीच्या पोटात सरळ बोगदे खणून वाइनची तळघरं केलेली दिसतात आणि अशा तळघरांच्या अख्ख्या गल्ल्या आहेत. आत बारा महिने गारवा, विजेचा खर्च शून्य.

काम्पटाल म्हणजे काम्प नदीचं खोरं. व्हिएन्नापासून वायव्येला साधारण ७० किलोमीटर. नदी वाल्डफिर्टल या थंड, जंगली पठारावरून उतरते, त्सोबिंग आणि लांगेनलॉइस या गावांजवळून वाहत जाऊन पुढे डॅन्यूबला मिळते. एकूण द्राक्षमळे साडेतीन हजार हेक्टरच्या आसपास. पूर्वेकडून हंगेरीच्या मैदानावरची गरम हवा येते आणि संध्याकाळ झाली की नदीच्या वाटेने पठारावरची थंड हवा खाली घसरते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुपारी चांगलं ऊन आणि रात्री स्वेटर, असा प्रकार. दिवसा साखर भरते आणि रात्रीच्या गारव्यात आंबटपणा जळून जात नाही. नाशिककडच्या द्राक्षांत साखर भरण्याची चिंता नसते, आंबटपणा टिकवायचीच असते; काम्पटालमध्ये ते काम हवा करते. पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आगेमागे, म्हणजे इंदूरच्या निम्म्याजवळ. फरक असा की तो वर्षभर थोडा थोडा पडतो, आपल्यासारखा चार महिन्यांत कोसळून मोकळा होत नाही. तरीही माथ्यावरच्या खडकाळ उतारांना कोरड्या वर्षी ठिबक द्यावं लागतं. पायथ्याची लोस बहुतेक वेळा तग धरते.

मग पायथ्याला सगळं सुखच का? नाही. थंड हवा जड असते आणि उतारावरून खाली साचते, त्यामुळे एप्रिलच्या शेवटी कोंब फुटलेले असताना कडाक्याची थंडी आली तर सखल जमिनी आधी होरपळतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रियात असं मोठं नुकसान झालं होतं. दुसरा त्रास सुपीकतेचाच. भरपूर ओल आणि भरपूर अन्न मिळालं की ग्र्यूनर घडांनी लगडतो, आणि घड जास्त म्हणजे प्रत्येक मण्यात चव कमी. म्हणून जूनमध्ये फुलोरा संपल्यावर जास्तीचे घड कापून खाली टाकतात. तिसरा धोका पिकण्याचा. लाम हा वाटीसारखा वळलेला, दक्षिणेकडे तोंड करून बसलेला गरम मळा आहे. तोडणी आठ दिवस लांबली तर अल्कोहोल १४ टक्क्यांवर जातं आणि वाइन जड, गरम लागते. शरद ऋतूत धुकं आणि ओल राहिली तर घडाच्या आत बुरशी शिरते. म्हणून हाताने तोडणी, एकाच मळ्यात दोन-तीन फेऱ्या, सडका मणी जागेवरच काढून टाकायचा.

पुढे तळघरात काम त्या मानाने साधं आहे, आणि साधं असावं हेच बरं. घड हलक्या हाताने दाबायचे, रस रात्रभर निवळू द्यायचा, मग आंबवायचा. एक-मळा वाइनसाठी बरेच जण मोठी जुनी लाकडी पिंपं वापरतात. गोबेल्सबुर्ग गढीच्या वाइनरीत जवळच्याच मॅनहार्ट्सबर्गच्या जंगलातल्या ओकची पिंपं असतात. ही वाइनरी त्स्वेटलच्या सिस्टर्शियन पंथाच्या ख्रिस्ती मठाची, आणि तिचा वाइनशी संबंध ११७१ पासूनचा. पिंप मोठं असलं की लाकडाचा वास वाइनला लागत नाही, फक्त थोडी हवा मिळते आणि खाली बसलेल्या यीस्टच्या साक्यावर राहून ती भरीव होते. छोट्या नव्या पिंपात घातलेला ग्र्यूनर व्हॅनिलाच्या आइस्क्रीमसारखा लागतो. तसं करणारेही आहेत, पण मग लाम काय नि दुसरा मळा काय, सगळे सारखेच.

आता बाटलीवर काय वाचायचं ते. ऑस्ट्रियात २०१६ पासून नियम आहे की वाइन एकाच मळ्यातली असेल तर मळ्याच्या नावाआधी 'रीड' हा शब्द यायला हवा. त्याआधी मनाला येईल ते टोपणनाव आणि खरं मळ्याचं नाव यांत फरक कळत नसे. काम्पटाल डीएसी ही मुद्रा, म्हणजे वाइन त्याच प्रदेशाची असल्याची अधिकृत खूण, २००८ च्या पिकापासून मिळते आणि ती फक्त ग्र्यूनर फेल्टलिनर आणि रीसलिंग या दोघांनाच. त्यात तीन पायऱ्या: नुसतं काम्पटाल लिहिलेली प्रदेश-वाइन, लांगेनलॉइससारखं गावाचं नाव असलेली गाव-वाइन, आणि 'रीड' असलेली मळा-वाइन. काही बाटल्यांवर १ या आकड्याला जोडून ओटीडब्ल्यू अशी छोटी खूण असते. ही १९९२ मध्ये स्थापन झालेल्या पारंपरिक वाइनऱ्यांच्या संघटनेची प्रथम श्रेणीची खूण. तिने २०१० मध्ये मळ्यांची प्रतवारी जाहीर केली आणि त्यात लाम व हायलिगनश्टाइन दोन्ही आहेत. 'ट्रॉकन' म्हणजे कोरडी, गोड नसलेली. इथे कोरडी याचा अर्थ साखर अजिबात नाही असा नव्हे: आंबटपणा पुरेसा असेल तर लिटरमागे ९ ग्रॅमपर्यंत चालते.

झाकणावर लाल-पांढरी-लाल पट्टी आणि तिच्यावर वाइनरीचा क्रमांक हवाच. ही कडक शिस्त १९८५ च्या भानगडीनंतर आली. तेव्हा काही व्यापाऱ्यांनी वाइन गोड आणि दाट लागावी म्हणून तिच्यात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलं होतं. कफ सिरपच्या बातम्यांमुळे हे रसायन आपल्याकडे आता घरोघरी माहीत झालं आहे. ऑस्ट्रियाची निर्यात त्या वर्षी कोसळली, आणि नंतर जे कायदे झाले त्यांचा फायदा आज ग्राहकाला मिळतो.

इंदुरात ही बाटली दुकानाच्या फळीवर सहज सापडेल अशी आशा धरू नये. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला सांगणं हाच सोपा मार्ग. विमानाने येताना माणशी २ लिटरपर्यंत मद्य विनाशुल्क आणता येतं, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या आणि वर अर्धा लिटर शिल्लक. बाटली चेक-इन सामानात, कपड्यांच्या मधोमध, आधी प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत घालून. झाकण फिरकीचं आहे म्हणून नाक मुरडू नये. ऑस्ट्रियात चांगल्या चांगल्या पांढऱ्या वाइनला फिरकीचंच झाकण असतं आणि बुचाला लागणारी कुबट बुरशीची भानगड त्यामुळे टळते.

खरी परीक्षा घरी आल्यावर. इंदूरचा मे महिना चाळिशी ओलांडतो आणि लाकडी कपाटातसुद्धा ३५ अंश होतात. तेवढ्या उष्णतेत एक उन्हाळा काढलेली वाइन म्हातारी होऊनच बाहेर येते: रंग तपकिरीकडे झुकतो, वास उकडलेल्या सफरचंदाचा किंवा खवट अक्रोडाचा, आणि बूच असेल तर ते किंचित वर सरकून कडेला चिकट ओघळ दिसतो. फ्रिजच्या डोक्यावरची जागा घरातली सगळ्यात वाईट, कारण मागून सतत गरम हवा येते. गाडीच्या डिकीचं तर नावच काढू नका. वाइनसाठी वेगळा फ्रिज नसेल तर नेहमीच्या फ्रिजच्या भाजीच्या खणात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवावी. तिथे ती दोन-तीन वर्षं नीट राहते. बाटलीच्या तळाशी किंवा झाकणाखाली खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे कण दिसले तर ती काच नव्हे. थंडीने वेगळं झालेलं ते द्राक्षातलंच टार्टारिक आम्लाचं मीठ. ओतताना शेवटचा घोट बाटलीत राहू द्यायचा, झालं.

सगळ्यात जास्त चूक होते ती तापमानात. फ्रिजमधून काढून थेट ग्लासात ओतलेला लाम ४-५ अंशांवर असतो आणि लिंबू नसलेल्या लिंबूपाण्यासारखा लागतो. एवढ्या पैशांची वाइन आणि वासच नाही! तिला १० ते १२ अंश हवेत. डिसेंबरात खोली २०-२२ अंशांची असते, तेव्हा बाटली अर्धा तास आधी बाहेर काढावी. मेमध्ये पंख्याखाली पंधरा मिनिटं पुरतात, आणि ग्लासात एका वेळी ८० मिलिलिटरच ओतावी, कारण उरलेली तोवर तापते. उलट दुकानातून गरम आणलेली बाटली लवकर थंड करायची असेल तर बादलीत बर्फ, तितकंच पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवावी. वीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात वेळ लागतो, कारण बर्फाचे खडे बाटलीला ठिकठिकाणी टेकतात आणि मध्ये हवा राहते. फ्रीझरमध्ये ठेवून विसरणं हा घरोघरचा अपघात आहे. बाटली फुटली नाही तरी बूच वर येतं.

ग्लास मोठा, पोटाचा. उघडल्यावर विझलेल्या आगकाडीचा वास आला तर घाबरू नये. फिरकीच्या झाकणाखाली हवा न मिळाल्याने असं होतं. पाण्याच्या स्वच्छ जगमध्ये ओतून अर्धा तास ठेवली की तो उडून जातो. तरुण लाम दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. झाकण लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस सहज.

आणि मिरी? ग्र्यूनर फेल्टलिनरची ओळखच पांढऱ्या मिरीच्या वासावरून सांगतात. हा निव्वळ कविकल्पनेचा भाग नाही. काळ्या-पांढऱ्या मिरीला जो रोटनडोन नावाचा घटक वास देतो, तोच या द्राक्षाच्या सालीतही असतो, अगदी सूक्ष्म प्रमाणात. गंमत अशी की साधारण पाचातल्या एका माणसाच्या नाकाला रोटनडोन कळतच नाही. त्यामुळे चार जण 'मिरी, मिरी' म्हणत असताना पाचवा गप्प बसला तर त्याला अडाणी ठरवू नये. दुसरं असं की रोटनडोन थंड वर्षी आणि सावलीत जास्त तयार होतो. लाम हा गरम मळा. त्याच्यात मिरी मागे असते आणि पिकलं नाशपती, थोडी सुकी जर्दाळू, ओल्या मातीचा आणि किंचित मधाचा वास पुढे असतो. मिरीच हवी असेल तर साधी प्रदेश-वाइन घ्यावी, ती स्वस्तही पडते. लामकडून मिरीची अपेक्षा धरणारे निराश होतात आणि दोष वाइनला देतात.

जेवणाच्या बाबतीत इंदूर या वाइनला पुष्कळ देऊ शकतं, पण सगळंच नाही. पोहे-जिलबीतली जिलबी बाद. गोड पदार्थ तोंडात असताना कोरडी वाइन नुसती आंबट लागते; श्रीखंड, आमरस, गूळ घातलेली आमटी यांचंही तेच. लाल मिरचीचं तिखटही वाईट, कारण १३ टक्के अल्कोहोल तिखटाची आग आणखी भडकवतं. इंदूरच्या सराफा खाऊगल्लीतल्या गराडूवर (तळलेला कंद) जिरावण हा मसाला आणि लिंबू भरपूर असतं. तळलेल्या कंदाला आंबट वाइन छान, मीठ तर वाइनला गोल करतं, पण जिरावणातल्या काळ्या मिठाचा गंधकी वास लामच्या नाजूक वासांवर बसतो. गराडूबरोबर साधी, हलकी, १२ टक्क्यांची ग्र्यूनर किंवा टेकडीच्या माथ्यावरची हायलिगनश्टाइन रीसलिंग घ्यावी. तिचा आंबटपणा तलवारीसारखा आहे. ती जुनी झाली की तिला किंचित घासलेटचा वास येतो, आणि गरम वर्षांत जास्तच. तोही दोष नव्हे.

लामसाठी मात्र भुट्ट्याचा कीस. दुधात शिजलेला, तुपकट, मऊ मका आणि लोसवरची भरीव वाइन यांचा पोत एकमेकांना भेटतो. फक्त कृतीत थोडे बदल हवेत. कणसं देशी, पांढऱ्या दाण्याची घ्यावीत. स्वीट कॉर्न इतका गोड असतो की जिलबीचीच गत होते. चार कणसं किसून साधारण दोन वाट्या कीस निघतो. दोन मोठे चमचे तूप, अर्धा चमचा मोहरी, पाव चमचा जिरं, चिमूटभर हिंग, हळद अगदी नावाला. हिरवी मिरची एकच, उभी चिरून, म्हणजे काढून टाकता येते. कीस मंद आचेवर तूप सुटेपर्यंत परतायचा, दहा-बारा मिनिटं; इथे घाई केली तर कच्च्या मक्याचा पिठूळ वास राहतो आणि तो वाइनमध्ये चार पट जाणवतो. मग एक वाटी गरम दूध थोडं थोडं घालत शिजवायचा. थंड दूध एकदम ओतलं तर गुठळ्या होतात. मीठ घालायचं, साखर नाही. लिंबू पिळायचं नाही: लिंबाचा आंबटपणा वाइनपेक्षा वरचढ, आणि त्याच्यापुढे वाइन बेचव पडते. वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर. जिरावणाची डबी टेबलावरून उचलून ठेवावी.

मराठी स्वयंपाकातली मटारची उसळ, सुरळीची वडी, मेथीची मुगडाळ घातलेली भाजी, हिरव्या वाटणाची कोथिंबीर वडी, हे सगळं ग्र्यूनरला मानवतं. युरोपात शतावरीच्या कोंबांसारख्या अडेल हिरव्या भाज्यांशी जमवून घेणारी वाइन म्हणून तिचं नाव आहेच. दाल-बाफला, म्हणजे वरणाबरोबरचे तुपात बुडवलेले कणकेचे गोळे, सोडून द्या. त्याच्या तुपापुढे कुठलीच पांढरी वाइन टिकत नाही, आणि नंतर झोप येते ती वेगळीच.

किती वर्षं ठेवायची, हा शेवटचा प्रश्न. चांगल्या वर्षाचा लाम दहा-पंधरा वर्षं टिकतो, पण तो काम्पटालच्या तळघरात. आपल्या भाजीच्या खणात नव्हे. इथे पिकाच्या वर्षापासून चौथ्या-पाचव्या वर्षी उघडावा. दोन बाटल्या आणल्या असतील तर पहिली येत्या पावसाळ्यात, भुट्टे आले की. दुसरी पुढच्या वर्षी त्याच दिवसांत.